पालिकेत तुमचं काम कसं झालं? गोव्यातले अनुभव लिहा

मंडळी, गोव्यात महानगरपालिका एकच, पणजीची, २००२ च्या स्वतंत्र कायद्याने झालेली. बाकी तेरा शहरांचा कारभार १९६८ च्या गोवा नगरपालिका कायद्याखाली चालतो. मडगाव, मुरगाव, म्हापसा ही त्यांतली मोठी. सांगे, केपे, वाळपई, पेडणे ही लहान. मडगावात २५ प्रभाग, सांग्यात १०. इतक्या लहान शहरांत नगरसेवक रोज बाजारात भेटतो, लग्नकार्यात शेजारी जेवायला बसतो.

तरी एक उणीव मला फार जाणवते. पंचायतीत ग्रामसभा असते. कोणीही उभा राहून सरपंचाला विचारू शकतो की अमुक रस्त्याचे पैसे कुठे गेले. पालिका हद्दीत तशी सभाच नाही. घटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी, आणि तेवढं मोठं शहर आपल्याकडे नाही. मग शहरातल्या माणसाने विचारायचं कुठे? म्हणून हा धागा. घरपट्टी, दाखले, गटार, कचरा, बाजार, घरदुरुस्ती, जे काम पडलं असेल ते लिहा. कागद कुठल्या टेबलावर अडला आणि कशाने सुटला, हे मुद्दाम लिहा. जिथे तक्रार आहे तिथे पालिकेचं आणि माणसांचं नाव नको.

फोंडा, गृहिणी

आमच्या इमारतीमागे गटार आहे. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की पाणी जिन्याशी. पावसाआधी पालिकेची माणसं येऊन गटार उपसून जायची, काम नीट करायची, तरी पाणी साचायचंच. आमच्या नगरसेविकेने एकदा पालिकेच्या पर्यवेक्षकांना बोलावलं आणि म्हणाली, पाणी जातं त्या वाटेने आपण चालत जाऊया. आम्ही बिल्डिंगमधल्या बायकाही निघालो. तेव्हा उलगडा झाला. कोपऱ्यापर्यंतचं गटार पालिकेचं, पुढे रस्त्याखालची मोरी एका सरकारी खात्याची आणि त्याच्यापलीकडचा नाला आणखी तिसऱ्याच खात्याचा. मोरी मातीने भरलेली. वरून कितीही उपसा, पाण्याला पुढे वाटच नव्हती.

मुख्याधिकाऱ्यांनी दोन्ही खात्यांना पत्रं पाठवली, आमचे फोटो जोडले, आणि मोरी मोकळी झाली. त्या वर्षी जिना कोरडा राहिला. माझं सगळ्यांना सांगणं आहे, ‘गटार तुंबलं’ एवढंच लिहून देऊ नका. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, ती जागा कोणाची, हे शोधून लिहा. पर्यवेक्षकाला सोबत घेऊन चाललात तर तो मनापासून दाखवतो, कारण त्याला ते आधीच ठाऊक असतं.

आठवड्याच्या बाजारातून, गावाचं नाव देत नाही

माझी आई बाजारात बसते. एरवी भाजी, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं सामान: कांगला, माट्टी, आंब्याचे टाळे, ओली सुपारी. बसायला सोपो, म्हणजे बाजारातल्या जागेची पट्टी, द्यावी लागते. पालिका सोपो वसुलीचं कंत्राट लिलावाने देते, आणि कंत्राटदाराची माणसं सकाळी पैसे गोळा करत फिरतात. दर पालिकेने ठरवलेला असतो. पण चवथीच्या गर्दीत आमच्याकडून जास्त मागायचे आणि पावती द्यायचे नाहीत. डोंगरावरून पाटी घेऊन उतरलेल्या बायका भांडण कुठे करणार? त्यांना विकून दुपारच्या बशीने परत जायचं असतं.

मी पालिकेत जाऊन कंत्राटाच्या अटी आणि दरपत्रक मागितलं. दिलं. त्यात पावती सक्तीची होती. त्याची झेरॉक्स जोडून आईने आणि ओळीतल्या बायकांनी अर्ज केला, ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे केले. आमच्या प्रभागाचा नगरसेवक विरोधी गटातला, त्याने तो अर्ज मासिक बैठकीत वाचून दाखवला. पुढच्या चवथीला बाजाराच्या तोंडावर दरफलक लागला. पावती आजही मागूनच घ्यावी लागते, पण मागितली की मिळते.

२०१४ चा पथविक्रेता कायदा इथे फार कमी लोक वाचतात. त्यात नगर पथविक्रेता समिती आहे आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असायला हवेत, त्यांतही एक तृतीयांश बायका. आपल्या पालिकेत ही समिती आहे का, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे बाजारातल्या प्रत्येकाने विचारावं. बसायची जागा ठरते ती तिथे.

वास्को

वरच्या ताईंनी सोप्याचं लिहिलंय म्हणून आठवलं. आमच्याकडे श्रावणात दामोदराचा भजनी सप्ताह, आणि त्याची फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, स्वातंत्र्य पथावर भरते. दुकानं किती, कुठे, किती दिवस, यावर दर वर्षी मुरगाव पालिकेत चर्चा होते आणि व्हायलाच हवी. दुकानदार लांबून येतो, त्याला दिवस जास्त हवेत. तिथे राहणाऱ्याला घराचं दार मोकळं हवं. आमच्या वाड्याने एकच मागणी लावून धरली, रुग्णवाहिका आणि अग्निशामक दलाचा बंब जाईल एवढी वाट सोडून आखणी करा. आखणीच्या दिवशी आम्ही स्वतः टेप घेऊन उभे राहिलो. जागेवर खडूची रेघ पडण्याआधी बोललात तर ऐकतात. दुकानं उभी राहिल्यावर बोलून उपयोग नाही.

बार्देश, मुंबईत नोकरी

माझा अनुभव मृत्यूच्या दाखल्याचा. बाबा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी आमच्या पालिकेत दाखला मागायला गेलो. जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी शांतपणे बसवलं आणि समजावलं की मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या जागेच्या निबंधकाकडे होते, माणूस राहायचा तिथे नाही. इस्पितळात मृत्यू झाला तर माहिती कळवण्याची जबाबदारी इस्पितळाची असते. घरी मृत्यू झाला असेल तर घरच्यांनी २१ दिवसांत कळवायचं, त्याला शुल्क नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

त्यांनी एवढंच सांगून सोडलं नाही. बाबांचं आधार कार्ड बघून म्हणाल्या, यांची जन्मनोंद पोर्तुगीज अमदानीतली असणार, त्यात नाव कसं आहे ते आधी बघा. आणि खरंच, तालुक्याच्या नागरी नोंदणी कचेरीतल्या नोंदीत आडनाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, बँकेत तिसऱ्या. दाखल्यावर चुकीचं चढलं असतं तर वारसापत्र, बँक, जमिनीचे कागद, सगळीकडे आई एकटी खेटे घालत बसली असती. अर्ज भरतानाच आम्ही सगळी कागदपत्रं एकत्र लावली. त्या बाईंचं ते काम नव्हतं, नोंद त्यांच्याकडे व्हायचीच नव्हती. मी बाहेरगावी राहतो, गोव्याच्या सरकारी कचेऱ्यांबद्दल तक्रारी पुष्कळ ऐकतो. म्हणून हे लिहायचं होतं.

दक्षिण गोवा, घरदुरुस्ती

आमचं घर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत, आजोबांपासून. घरपट्टी पालिकेच्या वहीत आमच्या नावावर, पावत्या जपून ठेवलेल्या. छप्पर बदलायचं ठरलं तेव्हा पहिली गोष्ट कळली, घरपट्टी भरली म्हणून जमिनीची मालकी सिद्ध होत नाही. ती फक्त कर भरल्याची पावती. मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा, म्हणून हक्क वेगळा, १९७५ च्या कायद्याखालचा, आणि त्याची नोंद मामलेदाराकडे. ती नोंद बाबांनी वेळेवर करून घेतली होती, म्हणून दुरुस्तीचा अर्ज पुढे सरकला.

वाढीव बांधकाम असेल तर रस्ता लांबचा. नकाशा आधी नगर नियोजन खात्याकडे किंवा नियोजन व विकास प्राधिकरणाकडे, त्यांची तांत्रिक मान्यता, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, मग पालिकेचा बांधकाम परवाना. बांधून झालं की तसाच परतीचा प्रवास, शेवटी पालिकेचा वास्तव्य दाखला. आमची फाईल एका टेबलावर बराच काळ पडून होती, कारण एका पानावर सर्वे नंबरचा उपविभाग लिहिलेला नव्हता. ते मला कोणी पत्राने कळवलं नाही. तिथल्या शिपायाने सांगितलं. त्रुटी असेल तर लेखी कळवा, एवढं जरी सगळ्या पालिकांनी केलं तरी लोकांचे अर्धे हेलपाटे वाचतील. २०१३ मध्ये गोव्याने वेळेत सेवा देण्याचा कायदा केला. तो भिंतीवरच्या फलकावर राहू नये.

पणजी

आमच्या कॉलनीत ओला-सुका कचरा वेगळा द्यायची सवय आता मुलांनाही आहे. ओला रोज, सुका ठरलेल्या दिवशी. कामगार मिसळलेला कचरा उचलत नाहीत आणि ते अगदी बरोबर करतात. पावसात, उन्हात आपल्या दारात येणाऱ्या त्या बायकांना पालिकेने हातमोजे आणि रेनकोट वेळेवर द्यावेत, याचा आग्रह आपणच धरायला हवा.

मडगाव

पणजीकरांचं वाचलं. सोनसड्यावरचा आमच्या शहराच्या कचऱ्याचा ढीग आणि २०१९ च्या मे महिन्यातली तिथली आग आम्ही विसरू शकत नाही. तो धूर आमच्या घरात आला होता. तेव्हापासून आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत आवारातच होतं. सोनसड्यावर आमच्याकडून निदान ते जात नाही.

एका लहान पालिकेची माजी नगरसेविका

मला आतली बाजू सांगायची आहे. २०२१ मध्ये आमच्यासारख्या पाच पालिकांच्या निवडणुका अडल्या. मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे. महिलांसाठी प्रभाग नीट राखीव ठेवले नव्हते म्हणून उच्च न्यायालयाने आरक्षणाची अधिसूचना रद्द केली. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि सरकारी अधिकाऱ्याकडे निवडणूक आयुक्तपद देता येणार नाही असंही बजावलं. २३ एप्रिलला मतदान झालं. कोणी कोर्टात गेलं नसतं तर कित्येक बायका सभागृहात दिसल्याच नसत्या.

आमच्याकडे नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून येत नाही, नगरसेवक आपसातून निवडतात. म्हणून गट फुटला की अविश्वास ठराव. खुर्ची बदलली की आधीच्याने लावून धरलेली कामं मागे पडतात. मुख्याधिकारी सरकारचे, त्यांची बदली वेगळीच. या सगळ्यात तुमचा अर्ज जिवंत ठेवणारी गोष्ट एकच, तो बैठकीच्या विषयपत्रिकेवर असणं. रस्त्यात भेटून सांगितलेलं काम माझ्या वहीत राहायचं, पण पालिकेच्या वहीत त्याची नोंद होत नाही. विषयपत्रिकेवर आला, ठराव झाला, इतिवृत्तात चढला, की नवा अध्यक्ष आला तरी तो पुसता येत नाही. मग कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करतो, निधी पालिकेचा की सरकारचा ते ठरतं, निविदा निघते. लोक ठराव झाला की वाट बघतात. अंदाजपत्रक झालं का, हे विचारायला कोणी येत नाही. तिथेच विचारायला या.

निवृत्त पालिका कर्मचारी

आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. प्रतीवर शिक्का, तारीख, सही. महिन्याने विचारायला आलात तर त्या क्रमांकावरून फाईल सापडते, नावावरून नाही. उत्तर मिळालं नाही तर माहिती हक्काखाली त्या क्रमांकाची सद्यस्थिती मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. देशाचा कायदा २००५ चा, गोव्याचा स्वतःचा १९९७ पासून होता. आणि अर्ज मराठीत लिहायला कचरू नका. आम्ही आयुष्यभर मराठी अर्ज घेतले.

डिचोली तालुका, विद्यार्थी

नळाला पाणी येत नाही म्हणून आमच्या वाड्यावरचे सगळे पालिकेत गेले, तिथे सांगितलं आमच्याकडे नाही. खरं का? आणि बैठक कधी आहे हे बाहेरच्या माणसाला कसं कळतं?

माजी नगरसेविका

खरं आहे, बाळा. गोव्यात नळाचं पाणी राज्य सरकारकडे, पालिकेकडे नाही. तालुक्याच्या पाणीपुरवठा उपविभागात साहाय्यक अभियंत्याकडे अर्ज द्या आणि एक प्रत नगरसेवकाला द्या, म्हणजे तो फोन करू शकतो. बैठकीचं विचारशील तर पालिकेच्या सचिव विभागात जा, पुढची बैठक कधी आणि विषयपत्रिका मिळेल का ते विचार. तुमच्या वाड्याचा विषय घालायचा असेल तर नोटीस निघायच्या आधी नगरसेवकाच्या हातात लेखी द्या, सगळ्यांच्या सह्या घेऊन. आणि बैठकीला बसायचं असेल तर आधी मुख्याधिकाऱ्यांना विचारून ये, दोघे-तिघे मिळून या.