विषय: बाबांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कशा उतरवाव्यात?

नमस्कार मंडळी,

आई या वेळी भारतातून येताना घरातल्या सगळ्या व्हिडिओ कॅसेट घेऊन आली आहे. बऱ्याचशा मोठ्या व्हीएचएस आहेत, काही छोट्या हाय-एटच्या. जवळजवळ सगळं चित्रण बाबांनी केलेलं. बाबा आता नाहीत, त्यामुळे या कॅसेटचं काय करायचं ते नीट विचार करून ठरवायचं आहे.

इथे अमेरिकेत एका दुकानात विचारलं. ‘डीव्हीडीवर उतरवून देऊ’ म्हणाले, पण भारतातल्या कॅसेट त्यांच्याकडे चालतील का, हे त्यांना सांगता येईना. काही कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरे डाग दिसतात. ते कशाचे? आणि एवढं सगळं घरी करता येतं का? मुलांना दाखवायचं आहे, भावंडांनाही पाठवायचं आहे. ज्यांनी केलं असेल त्यांनी कृपया सांगा.

———

उत्तर:

ताई,

आधी डागांबद्दल. ती बुरशी असण्याची शक्यता फार. त्या कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका, ‘चालतेय का एवढंच बघू’ म्हणूनसुद्धा नको. बुरशी व्हीसीआरच्या आतल्या, टेप वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि त्यानंतर लावलेली चांगली कॅसेटही बिघडते. डागवाल्या कॅसेट बाकीच्यांपासून वेगळ्या, कोरड्या जागी ठेवा आणि टेप साफ करण्याचं काम नेहमी करणाऱ्याकडेच द्या.

भारतातलं चित्रण पाल पद्धतीचं असतं, 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं. अमेरिकेत एनटीएससी, 525 रेषा आणि सेकंदाला जवळपास 30. इथल्या साध्या व्हीसीआरवर पाल कॅसेट धड दिसणारच नाही. ती खराब झाली असं समजून कोणी टाकून देऊ नये, म्हणून मुद्दाम लिहितो. पाल किंवा मल्टिसिस्टम (दोन्ही पद्धती चालणारा) व्हीसीआर मिळवा आणि कॉम्प्युटरवर घेतानाही पालच ठेवा, म्हणजे 720 बाय 576. काही मल्टिसिस्टम मशीन पालचं एनटीएससी करून बाहेर देतात. ते टाळा, चित्र उगाच बिघडतं. कॉम्प्युटरला पाल काय, एनटीएससी काय, दोन्ही सारखीच.

व्हीसीआर नवा मिळणार नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं 2016 मध्ये उत्पादन थांबवलं, त्यानंतर कोणी बनवत नाही. जुना घेतलात तर आधी नको असलेली एखादी कॅसेट लावून तो टेप चावत नाही ना, ते बघा. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हनं 2015 मध्येच सांगितलं होतं की चुंबकीय टेपवरचं 2025 पर्यंत उतरवून घ्या. कारण टेप टिकली तरी ती वाजवणारी मशीन आणि ती दुरुस्त करणारी माणसं उरत नाहीत. तेव्हा हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपण सगळे चित्राच्या मागे लागतो. पण कॅमेरा बाबांच्या हातात होता, म्हणजे ते चित्रात फारसे नसणारच. त्यांचा आवाज मात्र सगळीकडे असेल, कारण माइकच्या सगळ्यात जवळ तेच होते. ‘इकडे बघ’, ‘हळू चाल’, कोणाशी तरी मागे चाललेलं बोलणं. तुमच्या कॅसेटमध्ये बाबा आहेत ते तिथे. म्हणून आवाजाकडे चित्राहून जास्त लक्ष द्या.

व्हीएचएसवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. एक पट्टी टेपच्या कडेनं जाते, तिला लिनियर म्हणतात. टेप सेकंदाला अडीच सेंटिमीटरसुद्धा सरकत नाही, त्यामुळे हा आवाज जरा दबलेला आणि खरखरीचा येतो. दुसरा हाय-फाय, तो फिरत्या हेडनं चित्राच्या खालच्या थरात लिहिलेला असतो आणि खूप स्वच्छ असतो. सगळ्या कॅसेटवर तो नसतो. चांगल्या हाय-फाय व्हीसीआरवर यातला कुठला ऐकायचा ते निवडता येतं. प्रत्येक कॅसेट दोन्हीवर ऐकून बघा. समारंभाच्या कॅसेटवर नंतर गाणी चढवलेली असतात ना, ती व्हीसीआरच्या ऑडिओ डबनं चढवली असतील तर फक्त लिनियर पट्टीवर बसतात. मूळ चित्रण हाय-फायमध्ये झालं असेल आणि तुमच्याकडे तीच मूळ कॅसेट असेल, तर गाण्यांखाली माणसांचं बोलणं अजून तसंच असतं. नुसती कॉपी असेल तर मात्र ते मिळत नाही.

खरखर काढायच्या नादात मूळ फाइलला हात लावू नका. सफाई करायची ती कॉपीवर. स्वस्त यूएसबी कॅप्चर (व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करणारं छोटं उपकरण) वापरणार असाल तर तासभर रेकॉर्ड करून शेवटची काही मिनिटं बघा. जुन्या टेपचा सिग्नल डळमळीत असतो, मधली चित्रं गळतात आणि शेवटी ओठ एकीकडे, आवाज एकीकडे होतो. त्यावर टाइम बेस करेक्टर, म्हणजे हा डळमळीत सिग्नल सावरणारं यंत्र, हा उपाय. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जोडले तरी बऱ्यापैकी काम भागतं.

हाय-एटसाठी सोनीचे डिजिटल-एट कॅमेरे शोधा. त्यातले काही जुन्या हाय-एट टेप वाजवून फायरवायर नावाच्या वायरनं कॉम्प्युटरला थेट डिजिटल देतात. सगळेच देत नाहीत, म्हणून मॉडेल विचारूनच घ्या.

टेप लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या. व्हीएचएसच्या पाठीवरची प्लास्टिकची छोटी टॅब तोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. दुकानात दिलंत तर डीव्हीडीवर समाधान मानू नका, त्यात चित्र दाबलेलं असतं. एफएफव्ही-1 सारखी काहीही न गाळणारी फाइल मागा. आणि कॅसेट आहे तशी पूर्ण उतरवा. जमिनीचं चित्रण, कॅमेरा चालूच राहिलेली दहा मिनिटं, काही कापू नका. लोक मोकळेपणानं बोललेले असतात ते अशाच वेळी.

———

उत्तर:

काकांनी सगळं छान सांगितलं आहे. माझी थोडी भर.

फाइल सगळ्यांना पाठवण्याआधी आईला शेजारी बसवून बघ, आणि त्या वेळी फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड कर. ‘ही कोण?’ एवढं विचारलंस की पुरे, ती आपणच सांगत जाईल. आमच्याकडे सासूबाई होत्या तोवर हे केलं, म्हणून आज त्या कॅसेटमधली माणसं आम्हाला नावानिशी माहीत आहेत. कॅमेऱ्यावरच्या तारखेवर विसंबू नकोस, ती अनेकांनी कधी लावलेलीच नसायची.

दुसरं, पाठवण्याबद्दल. त्या कॅसेटमध्ये पाहुणे आहेत, दुसऱ्यांची तेव्हाची लहान मुलं आहेत. ती आता मोठी झाली आहेत, त्यांना विचारायला हवं. अंघोळीची, रडण्याची दृश्यं मोठ्या ग्रुपवर टाकायचीच नाहीत असं माझं ठाम मत आहे. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवलं तरी लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फार दाबलं जातं, तिथे छोटा तुकडा ठीक. ज्यांना पूर्ण हवं त्यांना हार्ड ड्राइव्हच दे.

———

उत्तर:

काका, काकू, मनापासून आभार.

कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं तर लगेच म्हणाली, ते सारखे ‘लाइट मागे आहे, इकडे सरका’ म्हणायचे. तिच्यासोबत बसून बघायचं पक्कं केलं आहे. तिच्या बोलण्याची फाइल त्याच कॅसेटच्या नावानं ठेवीन.

डागवाल्या कॅसेट वेगळ्या काढल्या, टॅब तोडल्या. आता पाल व्हीसीआर हवा आहे. मंडळात कोणाकडे चालू स्थितीत असेल, हाय-फायवाला असेल तर उत्तम, तर कळवा. मशीन हलवायचं नसेल तर आम्ही कॅसेट आणि लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे येऊ. ज्यांच्याकडे अशाच कॅसेट पडून आहेत त्यांनीही सांगा, एकदा जोडणी जमली की सगळ्यांच्या उतरवून घेऊ.