चर्चा: गल्ल्यातल्या नाण्यांत "रेअर व्हरायटी" शोधणं हा निव्वळ टाइमपास आहे

चिल्लरनको
मेहुण्याचा मुलगा नववीत आहे, सुट्टीत आलाय आणि आल्यापासून माझी चिल्लरची बरणी उपसत बसलाय. काल एक स्टीलचा रुपया घेऊन आला, १९९५ चा, मागे गव्हाच्या ओंब्या असतात ना तो, म्हणे काका हा एरर आहे, मागची बाजू तिरकी छापलीय, व्हिडिओत पाच हजार सांगतात. माझं स्पष्ट मत, जे नाणं कोट्यवधीत निघतं ते रेअर नसतं. कुठे ठिपका जाड, कुठे चांदणी बारीक, याला व्हरायटी म्हणायचं तर मग प्रत्येक नाणं व्हरायटीच. कुणाला पटत नसेल तर सांगा, पण कृपया भावनिक होऊ नका.

टांकसाळी_बाळू
पटत नाही. तुम्ही दोन गोष्टींची खिचडी केलीय, ओळखणं वेगळं आणि किंमत वेगळी. सालाखाली बघा, पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. हे कळलं की त्याच बरणीतून चार टांकसाळी बाहेर येतात. १९८५ चा जुना रुपया घ्या, सालाखाली इंग्रजी एच असेल तर तो बर्मिंगहॅमच्या हीटनचा, आणि चौकट मधोमध नसून सालाच्या पहिल्या आकड्याखाली असेल तर तो लँट्रिसंटचा, म्हणजे वेल्समधल्या रॉयल मिंटचा. आपल्याकडे नाणी कमी पडायची म्हणून सरकारने बाहेरून पाडून आणली. नव्वदच्या शेवटी तर प्रिटोरिया, मॉस्को, स्लोव्हाकियाचं क्रेम्निट्सा इथूनही आली. हे सगळं चिल्लरच्या बरणीत दिसतं, अजून काय पाहिजे!

चिल्लरनको
छान माहिती, पण तो एचवाला रुपया विकायला गेलो तर काय मिळेल?

टांकसाळी_बाळू
चहा येईल कटिंग. पण मी कधी म्हणालो श्रीमंत व्हाल?

सौ_हिशेबी
मी चिल्लरनकोंच्या बाजूने, आणि कारण थोडं कडू आहे. आमच्या मावशींकडे वैष्णोदेवीची पाच रुपयांची दोन नाणी होती (२०१२ ची, देवस्थान बोर्डाच्या २५ वर्षांची), कुणीतरी फोनवर सांगितलं दहा लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरा, मग टॅक्सचे, मग अजून कसले. मावशींनी दोनदा भरले. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलं होतं की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी आम्ही कुठलंही कमिशन घेत नाही, आमचं नाव वापरणारे भामटे आहेत, पण मावशी कुठे वाचणार. "रेअर" हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

जुन्याबाजारचा_पक्या
वहिनी, ज्याला ओळखता येतं तो फसत नाही हो, उलट. मी पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार-बुधवार चकरा मारतो, तिथे लखी म्हणून काय काय खपवतात. लखी म्हणजे एकाच बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला उलटं आणि खोलगट उमटलेलं, आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढचं असं पडतं. आता पोरं काय करतात, दोन नाणी शिकंज्यात धरून दाबतात. ओळखायचं कसं? खऱ्या लखीची दुसरी बाजू कडक असते, सिंहांचे केस मोजून घ्या. दाबलेल्याची दुसरी बाजू चपटी आणि चकचकीत होते, कडाही बसते. रुळावर ठेवलेली, तापवलेली, दहा रुपयाचा मधला गोल काढून उलटा बसवलेली, सगळी मेहनत घरची, टांकसाळीची नाही.
पण बाळूभाऊ, बारीक चांदणी-मोठी चांदणी यावर मी चिल्लरनकोंच्या बाजूने. साचा झिजला की चांदणी बोथट होते, त्याला व्हरायटी म्हणून पाकिटात घालून दोनशेला विकणारे आहेत, तिथे मला हसू येतं.

टांकसाळी_बाळू
झिजलेला साचा आणि वेगळा कोरलेला साचा यातला फरक दहा नमुने शेजारी ठेवले तर कळतो. एका नाण्यावरून बोलणारा चुकतोच, मग तो विकणारा असो की हसणारा.

सौ_हिशेबी
आमच्या भाजीवाल्याला आधी दहाचं नाणं घ्यायला शिकवा. २०१८ ला बँकेने सांगितलं चौदाही डिझाइनची चालतात, तो अजून "ये नहीं चलता" म्हणतो. तुमचं चांदणीपुराण नंतर.

जुन्याबाजारचा_पक्या
ते खरंय 😄
चिल्लरनको, त्या पोराच्या रुपयाचं काय झालं पण? तिरका म्हणजे किती तिरका? सिंह सरळ उभे राहतील असा धरा, दोन बोटांत वर-खाली पकडा आणि पुस्तकाचं पान उलटल्यासारखा आडवा फिरवा. आपल्याकडे मागची बाजूही सरळच आली पाहिजे. पाच-दहा अंश इकडे-तिकडे कुणी विचारत नाही, नव्वद किंवा एकशेऐंशी असेल तर गिऱ्हाईक आहे, पण पाच हजार वगैरे स्वप्नात. आणि वजन करा, तो रुपया ४.८५ ग्रॅमचा, लोहचुंबकाला चिकटतो.

चिल्लरनको
केलं. सोनाराकडच्या काट्यावर ४.८२. चुंबकाला चिकटला. फिरवला तर "१" घड्याळातल्या दोनच्या काट्यासारखा कलतो, म्हणजे साठेक अंश. पोरगा म्हणाला बघा काका. सालाखाली चांदणी पण आहे, आत्ता पहिल्यांदा पाहिली, एवढी वर्षं खिशात घालून फिरतोय. माझं मत बदललेलं नाही, हे परत सांगतो. फक्त त्याला शंभर देऊन तो रुपया मी ठेवून घेतलाय.

सौ_हिशेबी
गेले हे पण.