नव्या जागी पहिला दिवा कधी लावलात?

माझ्या आजीचं गाव पाण्यात आहे. इंदापूर तालुक्यातलं पळसदेव. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं, ११७ टीएमसीचं, आणि जुनं पळसदेव त्याच्या पोटात गेलं. गाव उठलं आणि पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला नव्याने वसलं. तिथे पळसनाथाचं नवं देऊळही झालं. जुनं देऊळ मात्र होतं तिथेच राहिलं. उन्हाळ्यात धरण अगदी तळाला गेलं की आधी शिखर दिसायला लागतं, मग सगळं देऊळ उघडं पडतं. माणसं चिखल तुडवत दर्शनाला जातात.

एकदा मी आजीबरोबर गेले होते. तिने उंबऱ्यावर डोकं टेकवलं, आत फारशी थांबली नाही. नंतर तासभर ती बाहेर गाळात पावलं मोजत फिरत होती. एका चपट्या दगडापाशी थांबली आणि म्हणाली, "ही आपली न्हाणी." मला तो नुसता दगड दिसत होता. तिने त्यावर पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि हाताने तो धुतला.

नव्या गावात तिने पहिले तीन आठवडे दिवाच लावला नव्हता. देव टोपलीत, फडक्यात गुंडाळलेले. सासूबाई ओरडायच्या. आजी म्हणायची, भिंत अजून ओळखीची वाटत नाही, देव कसे मांडू? एका संध्याकाळी पलीकडच्या प्लॉटमधली बाई दाराशी आली. ती दुसऱ्या गावची होती, आमच्या जातीतली नव्हती, तोवर एकमेकींशी बोलणंही नव्हतं. हातात पेटती पणती, वाऱ्याला पदराचा आडोसा धरलेला. "माझी लावली आत्ताच, तुमची हिच्यावर लावा," एवढंच म्हणाली. आजीने टोपली उघडली.

त्या बाई गेल्या वर्षी वारल्या. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. तुम्ही गाव सोडलंत, देश सोडलात, किंवा गावानेच तुम्हाला सोडलं. नव्या जागी तुम्ही कोण झालात? देवाशी, धर्माशी असलेलं नातं तसंच राहिलं का? आणि ती पणती घेऊन दाराशी कोण आलं? जे खरं घडलं ते लिहा. लांब झालं तरी चालेल.

लोद, इस्राएल

ताई, न्हाणीचा दगड वाचून थांबले, डोळे पुसले, मग लिहायला घेतलं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. नागपाड्यात वाढले, माहेरचं आडनाव अलिबागजवळच्या गावावरून, शेवटी 'कर'. आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कोकणात ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. मुंबईत सिनेगॉगला आमची आजी मशीदच म्हणायची. तिथे कोणाला आमचं वावडं नव्हतं, हे मी इथल्या नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगते.

१९७१ मध्ये इथे आले. मुंबईत आम्ही यहुदी होतो, इथे उतरलो तर 'होदी', म्हणजे हिंदी. माझ्या नणदेने त्याआधीची वर्षं पाहिली होती. आमच्याशी लग्नं लावायची की नाही, आम्ही पुरते यहुदी आहोत का, असं विचारलं जायचं. आमची माणसं रस्त्यावर उतरून भांडली आणि १९६४ मध्ये ते मिटलं. पण दोन हजार वर्षं शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, सांभाळलेल्या माणसाला कोणी असं विचारलं की ते विसरता येत नाही. मीही विसरले नाही.

पहिलं वर्ष मी घरात कोंडून घेतलं. मराठी ऐकायला नवरा सोडून कोणी नाही. वरच्या मजल्यावर मोरोक्कोहून आलेली एक बाई होती. मुलगा दुखण्यातून उठला तेव्हा मी मलिद्याचा नवस फेडायचा ठरवला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर पाच फळं, आणि एलियाहू हन्नाबीची, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताची आठवण. नारळ कुठे मिळेना. ती बाई दोन बस बदलून कुठूनसा सुक्या खोबऱ्याचा पुडा घेऊन आली. ताटाभोवती आम्ही तिघं आणि ती. आम्ही गात होतो, तिला चाल येत नव्हती, पण हिब्रू शब्द तिचेच होते, ती हळूहळू मागून म्हणायला लागली.

त्या दिवशी तिने मला एक गोष्ट सांगितली. हिब्रूत भारताला होदू म्हणतात. आणि स्तोत्रांत देवाचे आभार माना असं जिथे आहे, तिथेही शब्द होदूच आहे. अक्षरं तीच, उच्चार तोच. ती म्हणाली, "तुला होदी म्हणतात तर रडतेस कशाला?" पन्नासहून जास्त वर्षं झाली. प्रार्थनेत तो शब्द आला की मला अजून भायखळ्याचा पूल दिसतो.

औसा तालुका, लातूर

३० सप्टेंबर १९९३. मी नऊ वर्षांची. गणपती बुडवून सगळे उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी माळवद खाली आलं. आमच्याकडची घरं दगडाच्या रुंद भिंतींची, वर लाकूड आणि मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहायची. त्याच मातीखाली माझे वडील आणि धाकटा भाऊ गेले. मला एका जवानाने दगड काढून बाहेर घेतलं. पाऊस चालू होता. त्याने स्वतःचा रेनकोट मला गुंडाळला आणि तो पुढच्या ढिगाऱ्याकडे गेला. त्याचं तोंडही मला धड आठवत नाही. रेनकोट आईने जपून ठेवलाय.

वर्षभराहून जास्त पत्र्याच्या शेडात काढलं, मग नवं गाव मिळालं. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट. ज्याची जितकी जमीन तसं घर: २५०, ४५० नाहीतर ७५० चौरस फूट. डोक्यावर छप्पर आलं, त्याचे उपकार आहेत, ते मी नाकारत नाही. पण गल्ली मोडली. जुन्या गावात आमच्या भिंतीला भिंत लागून सहा घरं होती. त्यांत जमीनवाले होते, भूमिहीन होते. नव्या गावात ती चार कोपऱ्यांत गेली. आईला मीठ मागायला कोणाचं दारच उरलं नाही.

आईने देव मांडले नाहीत. विसर्जनाच्या रात्रीच हे झालं, मग कुणाला हात जोडायचे, असं ती उघड म्हणायची आणि कोणी तिला गप्प केलं नाही. सात वर्षं. मग जुन्या गल्लीतल्या बायका दर सोमवारी आमच्या ओट्यावर जमायला लागल्या. आधी नुसत्या बसायच्या, मग शेंगा फोडायला आणायला लागल्या, मग कोणीतरी ओवी म्हटली. पुढे एका सोमवारी मी शाळेतून आले तर ढिगाऱ्यातून निघालेला, एका बाजूने चेपलेला लामणदिवा खुंटीला टांगलेला होता आणि पेटलेला होता. देव तिने पुढेही मांडले नाहीत. दिवा रोज लावते. तिला मी आजवर कारण विचारलेलं नाही.

टोरांटो

आम्ही वसईचे, सामवेदी ख्रिस्ती. पहिल्या हिवाळ्यात इथल्या चर्चमध्ये पापनिवेदनाला बसलो आणि इंग्रजीत एक शब्द फुटेना. नोकरीची मुलाखत इंग्रजीत दिली होती, पण बापाशी कसं वागलो ते इंग्रजीत सांगता येईना. बुजुर्ग फादर थोडं थांबून म्हणाले, तुझ्या भाषेत सांग, मला कळायलाच हवं असं नाही. मी दहा मिनिटं आमच्या बोलीत बोललो. बर्फातून घरी चालत गेलो ते हलका होऊन.

ओसाका

मूळ नागपूरचा. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेममध्ये. इथे कंपनीत सगळे गृहीत धरायचे की भारतातला म्हणजे हिंदू. मी बौद्ध आहे म्हटलं की जपानी सहकारी चकित व्हायचे आणि भारतीय सहकारी एकदम गप्प व्हायचे. त्या गप्प होण्याचा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाता येत नाही याची रुखरुख होती. मग कळलं, कोयासान विद्यापीठात २०१५ पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे. नाम्बाहून गाडी, शेवटी डोंगरावर चढणारी केबल कार. वर थंडी मी म्हणत होती. पुतळ्यापुढे मेणबत्ती वाऱ्याने टिकेना. एक म्हातारे जपानी गृहस्थ जाता जाता थांबले, दोन्ही तळवे ज्योतीभोवती धरले, आणि "नमो तस्स भगवतो" संपेपर्यंत तसेच उभे राहिले. त्यांनी माझी जात विचारली नाही, त्यांना तो प्रश्नच माहीत नव्हता. परदेशात आल्याचं ऋण मी तिथे मानलं. गावातही एखादा माणूस असा थांबला असता, हेही तिथेच वाटलं.

बीड

ताई, तुमचा प्रश्न आमच्या घराला जरा वेगळा लागतो. आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर कोपी, म्हणजे झोपडी. दरवर्षी नवी जागा, नवी चूल. तिथे आमचं नाव कोणी विचारत नाही, नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मी शिकलो कारण एका गावातल्या शेतकरीण मावशीने मला दोन हंगाम आपल्या ओसरीवर ठेवून घेतलं, तिच्या लेकराबरोबर शाळेत धाडलं. मी आता मास्तर आहे. दर दिवाळीला तिच्याकडे जातो, आई तिच्यासाठी बाजरी पाठवते.

हे सगळं वाचून आत्ता आईला फोन लावला. विचारलं, यंदा पहिला दिवा कधी लावलास? म्हणाली, उतरलो त्याच रात्री, वात होती पण तेल नव्हतं, शेजारच्या कोपीतल्या बाईनं वाटीभर दिलं. कुठली गं ती? तर म्हणाली, अजून विचारलं नाही, उद्या तिची वाटी द्यायला जायचंय.