‘स्ट्रिपिंग’ला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर: समुद्राच्या पाण्यातलं शिसं-कॅडमियम मोजणाऱ्या संवेदकाची माहितीपुस्तिका मराठीत करून राहिलो. ‘अॅनोडिक स्ट्रिपिंग’पाशी (विजेनं धातू आधी जमवून मग सोडवत मोजायची रीत) गाडी अडली. ‘धनाग्री निर्लेपन’ लिहिलं, तर संपादक म्हणतात निर्लेप म्हणजे तवा. ‘सोलणे’ चालेल?

महालकर: सोलल्यावर साल फेकतात नं भाऊ, इथे सालच मोजायची आहे! उणे १.० व्होल्टला दोन-पाच मिनिटं पाणी ढवळत धातू पाऱ्याच्या पातळ थरात जमवायचा. ढवळणं थांबवून दहा-पंधरा सेकंद पाणी संथ होऊ द्यायचं. मग व्होल्टेज चढवत न्यायचं. उणे ०.६ च्या आसपास कॅडमियम सुटतं, उणे ०.४ च्या आसपास शिसं. मुलामा चढवला, मुलामा उतरवला. ‘उतरण’ म्हणा.

इतवारीवाला: उतरण म्हणजे उतार. आणि इथल्या हिंदीत दुसऱ्यानं टाकलेले कपडे. मुलामाही चूक. तो वरच्यावर बसतो, पाऱ्यात धातू मुरतो. म्हणून तर तांबं नि जस्त आत एकमेकांना धरतात, आलेखात जस्ताचं ‘पीक’ (टोक) बुटकं येतं आणि तांब्याचं फुगतं. थोडं गॅलियम घातलं की ते तांब्याला अडकवून ठेवतं. ‘मुरवणे’ आणि ‘सोडवणे’ घ्या.

धरमपेठकर: ‘शिशाचे पीक वाढले’ यावरही लाल रेघ आली आहे. विदर्भात हे छापायचं म्हणजे…

शुद्धाग्रही: ‘शिखर’ आहे की! कोशकार डॉ. रघुवीरांनी याच नागपुरात बसून हजारो संज्ञा घडवल्या, आपल्याला एक जमेना? निक्षेपण आणि उत्क्षालन. विषय संपला.

लॅबवाला: उत्क्षालन ऐकून पोरगं बाटली धुवायला घेईल. तीही धुवावीच लागते, आम्लानं, नाहीतर बाटलीतलंच जस्त मोजलं जातं. नमुना पीएच २ वर आणून अतिनील दिव्याखाली ठेवा. सेंद्रिय पदार्थांनी बांधलेलं तांबं त्याशिवाय दिसतच नाही. सगळे ‘स्ट्रिप कर’ म्हणतात, तेच लिहा.

महालकर: आणि पाऱ्याऐवजी बिस्मथ असलं तर? तांब्यापर्यंत पोचेस्तोवर थरच सुटतो. तिथे कोण कोणाला सोडवतं? सरळ कल्हई उतरली म्हणा.

शुद्धाग्रही: कल्हई उडते. उतरत नाही.

इतवारीवाला: आमच्याकडे जाते.