मदत हवी आहे: कुत्रीला बेदाण्याऐवजी काय देऊन शिकवू?

नमस्कार. आम्ही तासगावजवळ मळ्यात राहतो. द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड घराला लागूनच. चिंगी आमची गावठी कुत्री, सव्वा वर्षाची, वजन 14 किलो. पिल्लू असताना शेडवर आली आणि आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, झाली.

बस, थांब, पाय दे, सगळं तिला आबांनीच शिकवलं. बक्षीस म्हणून बंडीच्या खिशातला एक बेदाणा. तो मिळणार म्हटलं की ती पंजा पुढे करून बसते. मग मी नखं कापते, बोटांच्या बेचक्यातले गोचीड काढते.

गेल्या आठवड्यात रेबीजच्या लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांना हे कौतुकानं सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले. द्राक्ष काय, बेदाणा काय, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, म्हणाले. माझे हातपायच गार पडले. लगेच रक्त तपासलं, मूत्रपिंडाचं काम कळतं ते क्रिएटिनिन ठीक आलं.

आबांना सांगितलं तर आधी म्हणाले, "ह्या शेडवर किती कुत्री वाढली, एकालाबी काय झालं न्हाई." मग बराच वेळ गप्प. नंतर हळूच, "म्हंजे मी तिला इख घालत हुतो व्हय?" दोन दिवस झाले, चिंगी खिसा हुंगते आणि आबा खिशावर हात धरून उभे राहतात. बघवत नाही.

मारी बिस्कीट दिलं, नुसतं चाटून टाकलं. भाकरीकडे बघतही नाही. परवा मी आणि नवऱ्यानं धरून नख कापलं, ते जिवंत भागात गेलं, रक्त आलं. हळद दाबली, थांबलं. पण आता नखं कापायची कात्री दिसली की ती ट्रॉलीखाली जाऊन बसते.

पंजाला पुन्हा हात कसा लावू द्यायला शिकवू? आणि बेदाणे वाळवायच्या जाळ्या झाडताना शेडभर बेदाणे सांडतात, ते तोंडात घेऊ नये म्हणून काय करू?

वाळवेकर:
ताई, आबांना सांगा, त्यांचं काही चुकलं नाही. बेदाण्यातलं नेमकं काय बाधतं हे बरीच वर्षं डॉक्टरांनाही उमगत नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे ते कमीजास्त असतं. म्हणून एक कुत्रं खाऊन धडधाकट राहतं आणि दुसरं थोडेसे खाऊनही दगावतं. चिंचेतही तेच आम्ल असतं, तेव्हा आमटीभातही बंद करा.

अंडं उकडा, हरभऱ्याएवढे तुकडे करा. मीठ नको, कांदा-लसूण लागलेलं तर मुळीच नको. जेवणाआधी, पोट रिकामं असताना द्या. दोन दिवस कात्री नुसती जमिनीवर ठेवा, तिनं तिच्याकडे बघितलं की तुकडा. मग पंजाला बोट, तुकडा. आधी हात, मग खाऊ, हा क्रम मोडू नका. खाऊ दाखवून पंजा मागितला की खाऊ नसताना पंजाही मिळत नाही, तुमचं नेमकं तेच झालंय. दिवसाला एकच नख. काळ्या नखातली शीर बाहेरून दिसत नाही, तांदळाच्या कणीएवढं कापत जा. कापलेल्या तोंडावर मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा.

'सोड' शिकवायला बंद मुठीत भाकरीचा तुकडा धरा. ती चाटेल, खरवडेल, तुम्ही गप्प. नाक मागे घेतलं की दुसऱ्या हातातलं अंडं द्या. मुठीतलं कधीच देऊ नका. तरी जाळ्या झाडताना तिला लांब बांधाच, शिकवण्याच्या भरवशावर राहू नका. चुकून खाल्लंच तर त्रास दिसायची वाट न बघता ताबडतोब डॉक्टरांना फोन. पहिल्या दोनेक तासांत ते उलटी करवून पोट रिकामं करू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका.

एक जतकर:
गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. आणि अंगावरचे काढून भागत नाही. गोचिडाची मादी भिंतीच्या भेगांत अंडी घालते, चिंगी झोपते तिथल्या भेगा बुजवा. खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर गोचीड-तापाची रक्ततपासणी करा.

धागाकर्ती:
आज आठवा दिवस. पुढच्या डाव्या पंजाची तीन नखं झाली, मागचे पाय अजून देत नाही. जतकर, ओट्याच्या फटीत खरंच ढीगभर सापडले, सिमेंट भरून घेतलं. टार्टारिकचं आबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग स्वतः अंडं सोलायला बसले. आता तुकडे पत्र्याच्या डबीत घेऊन फिरतात.

एकच राहिलं. शेड अजून महिनाभर चालणार. लांब बांधलं की ती दिवसभर केकाटते आणि आबा जाऊन सोडतात. बांधून घ्यायची सवय कुणी कशी लावली?