पाझर तलाव आणि विहिरींच्या पाण्याचा अंदाज उपग्रहांवरून घेता येईल का?

कऱ्हाकाठ
नमस्कार. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. शेती पुरंदर तालुक्यात आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या एकूण २९.१५ टीएमसी क्षमतेपैकी किती साठा शिल्लक आहे, हे पुण्यात रोज वाचायला मिळते. आमच्या पाझर तलावाचा हिशेब मात्र गावातले लोक नजरेनेच करतात. रब्बीत ज्वारीऐवजी कांदा घ्यावा की नाही, हे त्या नजरेवरच ठरते. सेंटिनेल आणि ग्रेस या उपग्रहांची माहिती विनामूल्य मिळते, तर तिच्यावरून तलावाचा साठा आणि विहिरींची पातळी कळेल का?

सिंहगड रस्ता
तलावाचे पसरलेले पाणी नक्की कळेल. सेंटिनेल-२ च्या चित्रातील एक ठिपका १० मीटरचा असतो, म्हणजे एका हेक्टरमध्ये शंभर ठिपके बसतात, आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते. पाणी निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण शोषून घेते, त्यामुळे त्या किरणांतल्या चित्राची हिरव्या प्रकाशातल्या चित्राशी तुलना केली की पाणी वेगळे काढता येते. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे ही चित्रे बहुधा वाया जातात. तेव्हा ढगांपलीकडचे पाहणारे सेंटिनेल-१ चे रडार वापरावे. त्यात शांत पाणी काळे दिसते, पण वाऱ्याने लाटा उठल्या की ते उजळते आणि फसगत होते. जलपर्णी असेल तर दोन्ही प्रकारच्या चित्रांत पाणी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. उजनीच्या जलाशयाचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक असेल.

खरी मेख पुढे आहे. उपग्रह क्षेत्रफळ दाखवतो, खोली नाही. उन्हाळ्यात तलाव कोरडा पडेल तेव्हा तळाची उंचसखलता मोजून घ्या, म्हणजे कोणत्या क्षेत्रफळाला किती पाणी हा तक्ता तयार होईल. तलावात गाळ साचत असल्याने हा तक्ता काही वर्षांनी पुन्हा करावा लागेल.

पाषाण
विहिरींसाठी ग्रेसवर विसंबू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २००२ ते २०१७ पर्यंत चाललेली ती मोहीम आणि २०१८ मध्ये सोडलेली तिची उत्तराधिकारी उपग्रहजोडी गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदल टिपते, परंतु तिची दृष्टी काही शे किलोमीटरची आहे. त्या मापात अख्खा पुणे जिल्हाही वेगळा दिसत नाही. शिवाय आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात असते, त्यामुळे बांधापलीकडची विहीर भरलेली आणि आपली कोरडी, हे नेहमीचेच आहे. दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून स्वतः मोजावे आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ताडून पाहावे.

कऱ्हाकाठ
दोघांचेही मनःपूर्वक आभार. तलाव मे महिन्यात आटतो, तेव्हा तळाची मोजणी करू. विहिरीची दोरी मात्र येत्या रविवारपासूनच सोडतो. तलावाच्या भिंतीलगत रंगवलेली मोजपट्टी लावून तिचे वाचन उपग्रहाच्या फेरीच्या दिवशीच घेतले तर तक्ता अधिक नेमका होईल का?

सिंहगड रस्ता
होईल. त्याच दिवशी घ्या, आणि वारा होता की नाही तेही लिहून ठेवा.