कंदीलपुष्प बाटलीत वाचलं म्हणजे डोंगरावर वाचलं का?

पठारवेडा:
माझं स्पष्ट मत आहे, सह्याद्रीतल्या दुर्मिळ वनस्पती टिकवायच्या असतील तर टिश्यू कल्चर करून, म्हणजे झाडाच्या बारक्या तुकड्यापासनं लॅबमध्ये बाटलीत रोपं वाढवून, हजारोंनी रोपं काढा आणि लोकांना विका सुद्धा. शिव्या घाला, पण आधी वाचा. आपल्या शिवाजी विद्यापीठात बॉटनीच्या डॉ. एस. आर. यादव सरांनी कंदीलपुष्पाच्या (सेरोपेजिया, कंदिलासारखं फूल येणारी कंदवर्गीय झाडं) जाती डोंगर धुंडाळून गोळा केल्या, बागेत जपल्या, म्हणून आज त्या बघायला तरी मिळतात. यातल्या काही जातींची जागा म्हणजे एखाददुसरं पठार, तिथं रानडुकरांनी कंद उकरले नाहीतर रस्ता काढला की विषय संपला. आणि नरक्याचं झाड बघा. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कॅन्सरची औषधं बनतात, म्हणून आपल्या घाटमाथ्यावरनं चोरून झाडंच्या झाडं तोडून नेली. शेतात नरक्या मुबलक असता तर रात्रीचं जंगलात मरायला कोण गेलं असतं?

सड्यावरची:
नरक्याचं पटतंय, पण कंदीलपुष्पाला तोच न्याय लावू नका ओ. त्याचं फूल कधी जवळून बघितलंय का? बारकी माशी वासाला भुलून नळीत शिरते, आतले केस खालच्या बाजूला वळलेले, त्यामुळं आत जाता येतं पण वर चढता येत नाही. केस सुकले की मग ती सुटते, जाताना पराग घेऊन जाते. ही माशी कुठल्या बाटलीत वाढवणार? ती ज्या गवतात, ज्या शेणावर जगते ते पण लागतंय की. आणि मला खरी भीती वेगळीच आहे. राधानगरी, शाहूवाडीकडं बॉक्साइटसाठी (ॲल्युमिनियमचा दगड) सडे, म्हणजे कातळाची पठारं, खरवडलेत, उद्या खाणवाला सरळ म्हणणार, रोपं लॅबमध्ये सेफ आहेत, आता खोदू द्या.

केळीवाला भाऊ:
मी केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये कामाला आहे म्हणून बोलतोय. जी-नाइन या केळीच्या जातीची सगळी रोपं सारखी निघाली पाहिजेत कारण व्यापाऱ्याला एकसारखा घड लागतोय, आमचा धंदाच त्याच्यावर आहे. जंगलात बरोब्बर उलटं पाहिजे. एका कंदाच्या फुटव्यातनं दहा हजार रोपं काढली तरी ते एकच झाड दहा हजार वेळा, एक रोग आला की सगळं झोपणार. दक्षिण आफ्रिकेत सायकॅडची (ताडासारखं दिसणारं, नर-मादी वेगळी असणारं झाड) एक जात आहे, १८९५ मध्ये जंगलात तिचा एकच नर सापडला, आज जगभरच्या बागांत त्याचीच पिल्लं आहेत आणि सगळे नर, मादी आजपर्यंत कुणाला गावलेली नाही. बी धरणार कसं?
आणि बाटलीतनं बाहेर काढणं हेच खरं दुखणं असतंय. मुळाला चिकटलेलं आगार (बाटलीतली जेली) कोमट पाण्यात बोटानं हळूच धुवायचं, थोडं जरी राहिलं तरी बुरशी धरते, मग कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लावून वर प्लॅस्टिक झाकायचं आणि ते रोज थोडं थोडं उघडत जायचं, नाहीतर बाहेरच्या हवेत पानं तासाभरात माना टाकतात. केळीचं ठीक आहे, शेतकरी ड्रिपनं पाणी देतो. सड्यावर मे महिन्यात कोण देणार?

पठारवेडा:
मग एकाच झाडाचं का घेता, शंभर झाडांचं बी घ्या की. लॅब वाईट नाही, आळस वाईट. ऑस्ट्रेलियात वोलेमी पाइन हे दुर्मिळ झाड १९९४ ला सापडलं, रानात मोठी झाडं शंभराच्या आतच. त्यांनी जागा गुप्त ठेवली आणि रोपं करून बाजारात आणली, ज्याला पाहिजे त्यानं विकत घ्यावं, डोंगरात जायचं कारणच नाही.

सड्यावरची:
चांगलं उदाहरण दिलंसा, आता पुढचं पण सांगा. २०१९-२० च्या वणव्यात तीच मूळ झाडं वाचवायला त्यांनी विमानातनं आगरोधक टाकलं, माणसं खाली उतरवून पाण्याच्या पाइप लावल्या. लोकांच्या कुंड्यांत झाडं असून सुद्धा! आपल्याकडं डोंगर पेटला की कोण पळतंय ते मला सांगू नका.

तांबडा रस्सा:
नाद खुळा चर्चा. मला बाल्कनीसाठी एक कंदीलपुष्प पाहिजे, कुठं मिळतंय?

सड्यावरची:
घ्या! हा उद्या मसाई पठारावर खुरपं घेऊन जाणार.

पठारवेडा:
म्हणूनच म्हणतोय त्याला नर्सरीतनं मिळू दे.

सड्यावरची:
आणि नर्सरीवाल्यानंच पठारावरनं उपटून लॅबचं म्हणून विकलं तर? केळीवाले भाऊ, फरक ओळखू येतो का?

केळीवाला भाऊ:
पहिल्या वर्षी येतो. लॅबच्या रोपाला जुना कंद नसतो, मुळं पण कोवळी असतात. दोन पावसाळे कुंडीत काढले की मला सुद्धा नुसतं बघून सांगता यायचं नाही. आई झाडं कुठली, कुठल्या बॅचची रोपं, ही वही नर्सरीकडं मागा, नसली तर घेऊच नका.

तांबडा रस्सा:
वही कोण दाखवतंय भावा, साधं बिल मागितलं तर अंगावर येतात.